अंथरूण तेवढंच

इल्मा हार्जूच्या गॅरेजात उलटं टांगलेलं इंजिन,
सहा सिलिंडर, सहा काळी तोंडं.
बाहेर ब्यूट गावात नोव्हेंबर, उणे अठरा,
आणि मी, शेजारच्या ट्रेगॉनिंगांची पोर, चौदा वर्षांची,
दिवा धरायला ठेवलेली, ताशी तीन डॉलरवर.

"हलवू नकोस," एवढंच ती बोलायची.
तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेली बाई;
तिचे सगळे जास्तीचे शब्द
त्या पोरांवर ओरडण्यातच खर्च झाले असावेत.

क्रँकशाफ्ट आणला अनाकोंडाच्या भंगारातून,
चाळीस डॉलर आणि हकलबेरीच्या जॅमची एक बरणी देऊन.
एका जुन्या स्टेशन वॅगनच्या पोटातला,
जिच्या मागच्या सीटवर अजून कुत्र्याचे केस होते.
उकिरड्याचेही पांग फिटतात;
दुशानने तो ग्राइंडरवर घासून दिला, आरशासारखा.
म्हणाला, "जपून. लोखंडाला आठवण असते."
इल्मा म्हणाली, "लोखंडाला काही नसतं. मापं दे."

मापं अशी:
जुना क्रँक पिस्टनला वरखाली नेई सत्त्याऐंशी मिलिमीटर,
हा नेणार नव्व्याण्णव.
बारा मिलिमीटर. माझ्या करंगळीचं एक पेरसुद्धा नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथं अंथरूण तेवढंच,
तोच ब्लॉक, तीच भोकं,
आणि पाय मात्र लांब झालेले.

"मग पिस्टन वर डोकं आपटेल ना?"
माझा पहिला प्रश्न. तिसरा शनिवार.
तिने खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढलं,
त्याच्याभोवती जरा मोठं दुसरं.
"वाढले ते अर्धे वर, अर्धे खाली.
वरचे सहा मी रॉडमधून काढून घेतले, आखूड रॉड लावले.
वर तो जिथं थांबायचा तिथंच थांबेल.
बाराच्या बारा खाली."

मग खडू एप्रनला पुसला.
तिचे वडील अठ्ठावीस वर्षं
तांब्यासाठी पिंजऱ्यातून खाली जात होते,
हे तिने नाही सांगितलं.
ते माझ्या आजोबांनी सांगितलं, जेवताना,
मीठ मागावं तसं. तेही त्याच पिंजऱ्यात असत.

बेअरिंगमध्ये केसाएवढा मेणाचा धागा,
कस, उघड, चिरडलेली रुंदी मोज.
पुन्हा कस.
जानेवारीत क्रँक हाताने फिरवला,
लांब दांड्याचा पाना, हळू, तेल सुटल्याचा ओला आवाज,
आणि अर्ध्या फेऱ्यात
टक्.

खाली उतरलेल्या तिसऱ्या पिस्टनची कड
क्रँकच्या वजनाला लागत होती.
कागद जाईल एवढंसुद्धा अंतर नाही.
मला वाटलं ती रडेल, किंवा पाना फेकेल.
तिने कॉफी ओतली, पूर्ण प्याली,
कप विसळला,
आणि शेवटी लावलेला बोल्ट आधी काढला.

सहाही पिस्टन बाहेर. कानस. पुन्हा तराजू,
एकाची कड घासली तर सहांची घासायची,
नाहीतर इंजिन जन्मभर लंगडतं.
फेब्रुवारी त्यातच गेला.

सुरू झालं तेव्हा गावात बर्फ पडत होता.
पहिली वीस मिनिटं दोन हजारांच्या खाली आकडा येऊ द्यायचा नाही,
नाहीतर नवा कॅमशाफ्ट तिथंच संपला.
ती घड्याळ धरून बसली, मी आकड्यावर डोळा.
वीस झाली. तिने किल्ली फिरवली.
त्या शांततेत तिने फिनिशमध्ये काहीतरी म्हटलं.
शिवी होती की प्रार्थना,
मी विचारलं नाही.

होमस्टेकच्या चढावर
जिथं ती जीप दुसऱ्या गिअरला रडायची,
तिथं इल्माने चौथा सोडलाच नाही.
आवाज वाढला नव्हता,
फक्त खालच्या पट्टीत गेला होता.

हिशेब झाला शेहेचाळीस तासांचा,
एकशे अडतीस डॉलर.
दिले एकशे साडेसदतीस.
त्या टक् च्या वेळी
दिवा हलला होता.