माथ्यावर

सोगामोसोहून निघालो तेव्हा अंधार होता,
बेकरीची एकच खिडकी उजळलेली.
बेलिसारिओने दोन्ही सायकलींची चाकं अंगठ्याने दाबून पाहिली,
बाजारात पेरू दाबून पाहतो तशी,
आणि म्हणाला, "चला, सुमर्से."
आमच्या बोयाकात नवराबायको
एकमेकांना अहोजाहोच करतात,
भांडतानासुद्धा.
भांडताना जरा जास्तच.

जायचं होतं डोंगर ओलांडून खाली सपाटीला, आग्वासूलला,
तिथे आमची नीदिया गुरांच्या दवाखान्यात असते
आणि फोनवर म्हणते, इथे चढच नाहीत आई, कंटाळा येतो.
तीन दिवसांचा रस्ता.
त्याची एकाहत्तर वर्षं, माझी सहासष्ट.
बसचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं.

सायकल न चालवणाऱ्यांना एक गोष्ट कळत नाही:
पुढचा माणूस माथ्यावर आधी पोचतो,
दम खातो, पाणी पितो, डोंगर बघतो.
मागचं माणूस धापा टाकत येतं,
तेव्हा पुढचा म्हणतो, "आलात? चला."
आणि टांग मारतो.
म्हणजे ज्याला विसावा हवा
त्याला तो कधीच मिळत नाही.
असं अडतीस वर्षं.
मी हिशेब ठेवलेला नाही,
असं मी सगळ्यांना सांगते.

क्रुसेरोचा चढ. दोन्ही अंगांना बटाट्याची शेतं,
इतकी तिरकी की तिथल्या गाईंचे
एका बाजूचे पाय आखूड असावेत.
रुआना पांघरलेला एक म्हातारा दुधाचा कॅन घेऊन
गाडीची वाट बघत होता.
मला बघून त्याने टाळ्या वाजवल्या,
मग माझ्या मागे पाहत विचारलं,
"आणि तुमचे ते?"

मी वळून पाहिलं.
रस्ता रिकामा.

म्हणजे आज मी पुढे होते.
आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू.
वर पोचेपर्यंत ते पुरलं.

वर मेरीची छोटी देवळी आहे,
तिच्या पायाशी कुणीतरी गंजलेली चेन वाहिली होती.
तिथे सायकल टेकवली.
घाम आधी गार झाला, मग टोचायला लागला.
ट्रक आला.
सिमेंटचा.
एक कुत्रं आलं, मला हुंगून गेलं.
मग बराच वेळ कोणीच नाही.
बाटलीचं बूच उघडलं तरी पाणी पिववेना.
खाली तोताचं तळं पसरलं होतं,
ज्यासाठी लोक विमानाने येतात,
आणि मी त्याच्याकडे पाठ करून
एका वळणाकडे बघत उभी.

तेव्हा लक्षात आलं,
अडतीस वर्षं या माणसाने
एकही डोंगर बघितलेला नाही.

तो आला तो चालत, सायकल ढकलत.
उजवा गुडघा. ओठ निळसर.
मला पुष्कळ बोलायचं होतं,
तोंडातून निघालं ते एवढंच:
"आलात? चला."
आणि ते म्हणताना माझा आवाज
ओल्या ब्रेकसारखा चिरकला.

तो हसला नाही. दगडावर बसला.
"थांबू जरा," म्हणाला.
हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.
पिशवीतला पाव निघाला, चीज निघालं,
थर्मासातली गुळाची गरम आग्वापानेला.
झाकण एकच.
त्याने आधी मला दिलं, मी आधी त्याला,
तेवढ्यात निम्मी सांडली,
त्यावरून थोडं भांडण झालं, अहोजाहो करून.

उतारावर तो पुढे निघून गेला. वजन जास्त आहे त्याचं.
मी ब्रेक दाबत, वळणावळणाने,
खालून पातीच्या कांद्याचा वास वर येत होता,
आकितानिया जवळ आल्याची खूण.

पहिल्या शेताच्या बांधाशी तो दिसला.
नीदियासाठी घेतलेली कांद्याची जुडी काखेत,
पाठ तळ्याकडे.
मी पोचले तसा म्हणाला,
"फार महाग लावलेत यंदा,"
आणि उभाच राहिला,
मी बाटली रिकामी करेपर्यंत.