मापवही

गंगावेशीत, दूधकट्ट्याला लागून माझं दुकान.
आत दोन मशिनी, एक चालू.
फळीवर लाल पुठ्ठ्याच्या अठरा मापवह्या.
निम्म्या पेठेच्या ढेऱ्यांचा इतिहास त्यात आहे,
पण लोक येतात ते एकाच नावाची पानं बघायला.

एकाहत्तर साल. आनंदा सुतार, वय एकोणीस.
छाती तेहतीस, कंबर सव्वीस, गळा साडेतेरा.
शेरा : कापड गिऱ्हाइकाचं.
कापड म्हणजे बंद पडलेल्या तंबू थेटरचा
मखमली पडदा,
एका अंगानं उंदरानं खाल्लेला.
म्हणाला, "श्रीपा, कोट शिव. गणपतीत गायचंय.
नाव पण बदललंय. आनंदकुमार."
शिलाई अठरा रुपये. दिले सोळा.

शनिवार पेठेत, टेबलं जोडून केलेल्या स्टेजवर
पडदा अंगात घालून तो उभा राहिला
आणि पहिल्या ओळीलाच लाइट गेली.
माइक मेला. हा थांबला नाही.
अंधारात नुसता आवाज,
गुळव्यानं काहिलीतनं पाक उचलून बघावा
तसा, तार न तुटता लांबत गेलेला.
लाइट आली तेव्हा गॅलरीतल्या बायका डोळं पुसत होत्या
आणि कोटाची काखेतली शिवण उसवली होती.
ती चूक माझी.

मग पानं भराभर उलटतात.
अठ्ठ्याहत्तर : बेलबॉटम, घेर सव्वीस.
आतला खिसा डावीकडं, खडीसाखरेचा.
(हा खिसा पुढं प्रत्येक कोटाला.)
ब्याऐंशी : कंबर चौतीस. कॅसेट निघाली.
रिक्षात, गुऱ्हाळावर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकच आवाज.
सत्त्याऐंशी : जरीचा कोट, अर्जंट, मुंबईला जाणार.
दीड महिन्यात परत. कोट अजून कागदातच.
"तिकडं बरोबर गायलं तर ऐकतात, श्रीपा.
इथं चुकलो तरी ऐकतात."
त्र्याण्णव : काळा. बायको गेली ते साल.
बाह्या जरा लांब ठेव म्हणाला,
बोटं थरथरलेली दिसू नयेत.

पुढं बरीच पानं दुसऱ्यांची.
डॉल्बीच्या भिंती आल्या, काचा हादरायला लागल्या,
आणि हा बारशात गायचा, निरोपसमारंभात गायचा,
खुर्च्या उचलणाऱ्या पोरांसमोर गायचा.
त्या आठ वर्षांची एकच नोंद :
जुना कोट आत घेणे. चाळीस रुपये.

औंदा कुठल्या तरी कॉलेजच्या पोरांनी
त्याला मोबाइलमधनं हुडकून काढला.
मोठं मैदान ठरलं. माप द्यायला आला,
दोन पायऱ्या चढून दम खात बसला.
मी टेप लावली गळ्याला.
साडेतेरा.
"किती?"
"साडेपंधरा. होता तेवढाच."
"खोटं बोलतोयस," म्हणाला, "पण सुरात बोलतोयस."

दुसरं कडवं तो विसरला.
तबला दोनदा फिरून आला, तरी आठवेना.
मग मागनं कुणीतरी, बहुतेक म्हशीवाला धोंडबा,
सुरू केलं
आणि सगळं मैदान त्यात उतरलं.
हा उभा. डाव्या खिशातनं खडा काढला,
जिभेवर ठेवला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं गाणं
बसल्या गिऱ्हाइकासारखं ऐकलं.
लोक जिथं बेसूर झाले तिथं भुवई उडाली.
तेवढीच.

अठरातले दोन रुपये अजून बाकी आहेत.
मी मागितले की तो म्हणतो, राहू देत,
नाहीतर तुझ्याकडं येऊ कशाला?

मापवहीत सगळं लिहिलंय : छाती, कंबर, बाही.
गळ्यापुढं साडेपंधराच लिहिलंय.
खांद्यात कापूस जरा जास्त घातलाय,
ते लिहिलेलं नाही.