शेऱ्याचा रकाना

डिचोलीच्या वाचनालयात माझ्या टेबलाला
तीन पाय आहेत आणि चौथ्या जागी विश्वकोशाचा एक खंड.
तिथं बसून मी माणसांना पुस्तकं सुचवते.

"काहीतरी वेगळं द्या," म्हणतात,
म्हणजे आमटी तीच, वाटी निराळी.
मी मान डोलावते नि मागच्या कपाटाशी जाते.
तिथं आहे ती कादंबरी, जिच्यात नदी कोर्टात साक्षीला येते
आणि तिची ओली पावलं पुसताना शिपाई पुटपुटतो,
आज पुन्हा हिचीच तारीख.
तिथं आहे मिठागरावरचं ते घर,
दर पुनवेला ज्याची एक खोली वाढते
आणि घरपट्टीवाला निमूट मोजून जातो.
शिवाय एक जाडजूड, जिचं पहिलं पान कुणी फाडून नेलंय.
आजवर कुणाची तक्रार नाही.

दुकळे मास्तरांनी एक आणून आपटलीच.
"पान चाळीस. मेलेला माणूस चहा पितो.
कप कोण विसळतं, ते लिहिलेलं नाही."
मी नोंद घेतली.

खाण बंद पडल्यापासून मिनेशचा टिप्पर परसात उभा,
मागच्या चाकात कारल्याचा वेल.
त्यानं एकच कादंबरी तीनदा नेली.
तिच्यात बोटीनं परदेशी गेलेला डोंगर
एका रात्री परत येतो,
खड्याखड्यानं, कुणाची झोप न मोडता,
आणि सकाळी झरीवर बायका भांडत असतात.
"कारण कुठं सांगितलेलं नाही," मिनेश म्हणाला.
"बरंच केलं.
कारणं आम्हाला कंपनीनं सांगितली, तीन भाषांत."

पण सगळ्यांत कडक वाचक सगुण होडारकर.
त्याच्या वाड्याच्या वेशीवर राखणदार असतो,
रात्री शिवार फिरतो, चुकलेल्याला वाटेला लावतो.
दर वर्षी त्याला नव्या वहाणा वाहतात.
त्या सगुण शिवतो, त्याच्या आधी बाप शिवायचा.
जुन्या परत घेतो तेव्हा
कुणीही न घातलेल्या त्या वहाणा
तळाला झिजलेल्या असतात.
हे तो असं सांगतो, जसं आपण
दुधाचा भाव सांगतो.

त्याला मी माझी सर्वांत लाडकी दिली,
जी द्यायला मन धजत नाही ती.
आठव्या दिवशी आला. चष्मा शर्टाला पुसला.
"हांतूंत नवल तें कितें?"
मग बोटाला थुंकी लावून दोनशे बारावं पान काढलं.
"इथं बघा. मेलेला बाप सात कोस चालत येतो
आणि जोडा कोरा करकरीत?
माणसं उडवा, माझी ना नाही.
पण चालणाऱ्याची टाच बाहेरून झिजते.
एवढं तरी खरं लिहायचं होतं."

या प्रकारच्या पुस्तकांवर मी लेख वाचलेत,
लांबलचक, तळटीपांचे.
टाचेपर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

"दुसरी आहे?" त्यानं विचारलं.
होती.

मार्चमध्ये मोजदाद.
फाटलेली, हरवलेली, वाळवीनं नेलेली,
एकेक काढायची, रकान्यात शेरा लिहायचा.
कपाटाच्या तळाशी डोंगराची ती कादंबरी सापडली.
मिनेशनं श्रावणात परत केलेली,
त्यानंतर कार्डावर एकही तारीख नाही.

उलटी करून पाहिली.
बांधणीची खालची कड घासलेली,
एकाच बाजूनं, बाहेरच्या,
आणि कापडाच्या शिवणीत
तांबडी, अजून ओलसर माती.

शिपायाला हाक मारणार होते.
मारली नाही.
नखानं थोडी माती काढली, वास घेतला,
आणि 'खराब' खोडून शेऱ्याच्या रकान्यात
सरकारी निळ्या शाईनं लिहिलं :
वापरात आहे.