जागा

सटवाजी मास्तर जिना चढून आले तेव्हा
मी एका लग्नपत्रिकेत वराची पदवी दुरुस्त करत होते.
माजलगावचा जुना मोंढा. खाली आडत, वर माझं डीटीपी.
पिशवीतून त्यांनी तीन वह्या काढल्या,
जिनिंगवाल्यानं टाकून दिलेल्या लांबुडक्या खतावण्या.
जमेच्या रकान्यात क्लॅरिनेट, नावेच्या रकान्यात ट्रम्पेट,
आणि शिल्लक मांडायची तिथं
साइड ड्रमचे फराटे.

"समदं कॉम्प्युटरात घाल. हात कापायलाय.
मंद्र निषादाखाली टिंब द्यावं
तर ते खालच्या वळीतल्या पंचमाच्या डोस्क्यावर पडतंय,
आन् पोरं बिनघोर तार पंचम फुंकायलेत."

म्हटलं, मास्तर, अक्षर किती देखणंय, स्कॅन करून ठेवू.
"देखणं काय चाटायचंय?
वरातीत बत्तीच्या उजेडात दिसाया पायजे."

मग मी दोन दिवस त्या सॉफ्टवेअरशी भांडले.
कोमल गंधाराची रेघ दुसऱ्या फॉन्टात गळून जायची.
मिंडेची कमान मास्तरांची कुठं जाड, कुठं केसाएवढी,
माझी सगळीकडं सारखी,
नगरपालिकेनं स्वागताला उभारल्यासारखी.
प्रिंट मात्र झकास. चष्म्याशिवाय वाचली त्यांनी.
प्लेचं बटण दाबलं तर अख्खी चाल एका दमात वाजली.
मास्तर हसले : "याला छाती न्हाई का?"

तिसऱ्या वहीत, दर ओळीत,
अकराव्या मात्रेवर एक बारीक गोळा होता
आणि पहिल्या गोळ्यापाशी लिहिलं होतं,
हितं बब्रू दम घेतो.

"बब्रुवान. युफोनियम वाजवायचा.
दिसा सिमिटाच्या गोदामात हमाली.
सोळा मात्रा पुरायच्या न्हाईत त्याला.
मंग अकरावीला समद्यांनाच थांबवायचो,
एकट्याचं उघडं पडू ने म्हनून."

आता कुठं असतात?
"न्हाई आता."

मग काढून टाकू का? ओळ सलग होईल.

खाली कुणीतरी तुरीचा लिलाव पुकारत होतं.
बोली तुटेपर्यंत मास्तर खिडकीतून बघत राहिले.
"त्यात रिकामं ठिवता येतं का?"

येत नव्हतं.
मोकळी मात्रा दिसली की ते आपणहून आडवी रेघ भरायचं,
म्हणजे मागचाच सूर लांबवा.
मी पुसायची, ते भरायचं.
शेवटी प्रत्येक रेघेवर मी पांढरा चौकोन डकवला,
चुना लावावा तसा. चौदा प्रती.
पैसे त्यांनी मोजून दिले, घासाघीस करून.
वह्या इथंच राहिल्या, पेपरच्या गठ्ठ्यावर.

परवा रात्री वरात खालून गेली.
क्लॅरिनेटला चिमट्यानं अडकवलेला माझा कागद,
युफोनियमवर मिसरूडही न फुटलेलं कुणी पोरगं.
शटर अर्धं ओढून मी मात्रा मोजत होते.
आठ, नऊ, दहा,

जनरेटरचा आवाज आला.