दोन गुण

आठवी ब. तुर्भ्याची महापालिका शाळा.
पंखा फिरतो, तरी मार्केटातला कांदा
खिडकीतून येऊन पुढच्याच बाकावर बसतो.

फळ्यावर मी लिहिते : पात्र, स्थळ, संघर्ष, प्रतीक.
खडू संघर्षाच्या रफारापाशी मोडतो,
दरवर्षीसारखा.

गोष्ट साधी आहे.
मुलगा बापाचं घड्याळ विकतो, घरी सांगत नाही.
‘घड्याळ कशाचं प्रतीक?’
‘काळाचं!’
सगळा वर्ग, गाईडमधल्या सुरात.
मी मान डोलावते. दोन गुण.

मागून सुयोग ढमाळ,
रात्री गाळ्यावर बापासोबत गोणी मोजणारा,
हातही वर न करता :
‘बाई, घड्याळ ते घड्याळच.
आठशेचं होतं, साडेचारशेला घेतलं.
पोराला फसवला.’

वर्ग हसतो. मीही, थोडी.
‘असं कुठं लिहिलंय?’
‘लिवलंय की.’

कोपरखैरण्याला घरी,
कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता पुस्तक उघडते.
तिसरा परिच्छेद.
दुकानदार नोटा देताना मुलाकडे बघत नाही.
त्याच्याआधी, सरळ छापलेले, दोन आकडे.

अकरा वर्षं शिकवतेय ही गोष्ट.
त्या दोन आकड्यांवरून उडी मारून
दर वेळी थेट काळाकडे गेलेय.

चाचणीच्या वह्या पलंगावर.
आदर्श उत्तरात अजून ‘काळ’च आहे.
सुयोगनं प्रतीकाच्या प्रश्नापुढं
नुसती वजाबाकी मांडलीय.
साडेतीनशे.

बरोबर आहे.
लाल पेन उघडं आहे, आणि भात करपल्याचा वास.