घट

चोपड्याच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं
काट्यावर बसतो मी.
हर्नियाचे टाके घेऊन घरी आलो,
चार दिवस नुसत्या पेजेवर,
आणि वजन अडीच किलोनं जास्त!

हिलाल कंपाउंडर हसला :
"सलाईननं पानी शे भाऊ, उतरी जाई."

ओल्या कापसाची घट मीच कापत आलो,
शेकडा चार, कधी पाच,
गाडीवाल्याच्या डोळ्यांत न बघता.

आता रोज सकाळी, तोलाई सुरू व्हायच्या आधी,
लुंगी सावरत त्याच काट्यावर उभा.
एकोणसत्तर. सदुसष्ट. पुन्हा अडुसष्ट.
पासष्ट दिसले तेव्हा बायकोच घाबरली,
कळण्याच्या भाकरी थापायला बसली.

घोट्यावर बोट दाबून बघतो.
खड्डा पडतो,
हळूहळू भरतो.
यात मी किती, ओल किती,
पावतीवर काय लिहू?