देणे: रुपये बारा

क्लबचं रजिस्टर माझ्यापाशी आहे. लाल कापडाचं,
पाठीला जिनाच्या पट्ट्याचा तुकडा शिवलेला.
पहिलं पान: धामणखेडा जिनिंग स्पोर्टिंग, सन एकसष्ट.
खेळाडू अकरा, राखीव दोन, बॉल एक.
पगार महिना पंचेचाळीस, बूट कंपनीचे,
सामना जिंकला तर माणशी पावशेर शेव.

पायानं खेळून पैसे मिळतात
हे माझ्या मायला खोटंच वाटलं.
‘पायानं त बैल कमावते, बाबू,’ ती म्हणाली
आणि ज्वारी पाखडत राहिली.

मी खेळायचो नाही. डावा पाय लहानपणीच आखडलेला.
मी हिशेब लिहायचो.

जर्सीचा रंग पळसाच्या फुलांचा.
फागुनात गिरजाबाई वरठीण कढईत फुलं उकळायची,
तुरटी टाकायची, तरी रंग पक्का बसत नसे.
घाम आला की उतरायचा.
कामठीहून आलेल्या संघाचा बॅक
हाफटाइमपर्यंत अर्धा पिवळा झाला,
आणि रेफ्री डिसूझासाहेबांनी
त्याचे तळहात उलटून पाहिले, मग शिट्टी फुंकली.
धरलं कोणी, ढकललं कोणी,
आमच्या गावी पळस साक्ष द्यायचा.

अडुसष्टात चुना मिळाला नाही.
रेषा मारल्या सरकीच्या ढेपेच्या भुग्यानं.
कल्पना माझी. खर्च शून्य.
मध्यंतरात सगळे चहाकडे वळले, तेवढ्यात शेळ्या आल्या
आणि पेनल्टी बॉक्स खाऊन गेल्या.
शेवटच्या दहा मिनिटांत फाउल झाला. आत की बाहेर?
दोन हजार माणसं उभी,
प्रत्येकाच्या डोळ्यात आपापली रेघ.
दिवस बुडाला तरी भांडण मिटेना.
रजिस्टरात मी लिहिलं:
निकाल नाही. शेळ्या चार.

शालिक उईके, राइट आउट, केळापूरकडचा.
बूट घातले की जमीन ऐकू येत नाही म्हणायचा.
अनवाणी खेळायचा,
आणि कंपनीचे बूट घालून
मंगळवारच्या बाजारात भेदरं घ्यायला जायचा.

ब्याऐंशीत जिन बंद पडला.
आमचा सराव भोंग्यावर सुरू व्हायचा.
त्या सोमवारी पोरं मैदानाच्या कडेला
लेस बांधून बसली,
अंधार पडेपर्यंत बसली.
कोणी बॉलला पाय लावला नाही.

मग चुकती. बाक विकले, कढई विकली.
गोलपोस्ट सागाचे, ते गोलकीपर रज्जाकनंच नेले,
घराच्या दाराला चौकट केली.
अजून तिथंच खाट टाकून बसतो;
सून जरी आत शिरली
तरी त्याचे हात थोडे उचलले जातात.

सगळ्यांचे पैसे दिले. एक राहिला.
शालिक त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला गेला होता.
त्याचे बारा रुपये मी पाकिटात घालून ठेवले.
नोटा त्याच आहेत, दहाची एक, दोनची एक.

दरवर्षी होळी झाली की तो येतो.
पहिल्यांदा आला तेव्हाच पाकीट पुढं केलं.
त्यानं हात मागं घेतला.
‘ठेव तुह्यापाशी. घेतले म्हंजे मी रिटायर झालो ना!’

मी तेव्हा हसलो.
घरी येऊन मात्र पान काढलं, शाई भरली.

तेव्हापासून एकतीस मार्चला लिहितो:
शालिक उईके, राइट आउट.
देणे रुपये बारा. पुढे नेले.
खेळाडू एक.
कारकुनाचा रकाना आहे, तिथं माझी सही.

यंदा आला तो काठी टेकत. एका डोळ्यात मोतीबिंदू.
मैदानावर आता तुरीचं कुटार पडलेलं असते,
त्याच्या ढिगापाशी दोघं बसलो.
पायातली चप्पल त्यानं काढून ठेवली,
तळवे मातीवर टेकले, बराच वेळ गप्प राहिला.
मग विचारलं, ‘मॅच कधी हाय?’

मी म्हटलं, ‘चुना आला का सांगतो.’